खाडीकाठी जाताना आधी तिथी पाहा

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यातल्या वाचकांचे काही प्रश्न दरवर्षी थंडी सुरू झाली की हमखास येतात. रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन गेलो तर समोर नुसता चिखल, पाणी कुठे गेले? गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांना शेकडो रोहित पक्षी दिसले, आम्हाला एकही कसा नाही? परवाना लागतो का? कुत्रा नेता येतो का? तिकडे येणारा कुजकट वास तब्येतीला वाईट आहे का?

बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुम्ही सुट्टी पाहून निघता, आणि खाडी चालते चंद्रावर. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटी असली तरी थोडे पुढे चालत गेले की पाणी मिळते. ठाणे खाडी मात्र उथळ आहे, ओहोटीला तिचे काठ दूरवर उघडे पडतात. म्हणून खाडीकाठचे उद्यान निवडताना आधी तिथी पाहा, मग ठिकाण ठरवा, आणि घड्याळाकडे सगळ्यात शेवटी बघा.

भरतीची वेळ घरबसल्या कशी काढावी

कोळीवाड्यात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे.

- चतुर्थी: चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे ३ वाजता भरती. ओहोटी सव्वानऊच्या सुमारास.
- अष्टमी: ६ वाजता भरती. ओहोटी बाराच्या पुढेमागे.
- एकादशी: सव्वाआठला भरती. ओहोटी अडीचच्या सुमारास.
- पौर्णिमा आणि अमावास्या: बाराच्या आसपास भरती. ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास.

शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा. पौर्णिमेला उधाण असते एवढे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून अनेक कुटुंबे ‘आज पाणी भरपूर असेल’ म्हणत पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला काठावर पोचतात. नेमकी तेव्हाच खाडी सर्वांत रिकामी असते! उधाणाला पाणी जितके वर चढते, तितकेच ते खाली उतरते. ते चढलेले पाहायचे तर दुपारी बारा किंवा मध्यरात्र गाठावी लागते.

हा हिशेब ढोबळ आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, आणि मुंबई बंदरापेक्षा खाडीच्या आतल्या टोकाला भरती थोडी उशिरा पोचते. दिवस ठरवायला मात्र तो पुरेसा आहे. होडीत बसायचे असेल किंवा पावसाळा असेल, तर अधिकृत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघा.

काय पाहायचे आहे, त्यावर दिवस निवडा

*संध्याकाळी भरलेले पाणी, वारा, फोटो.* सप्तमी ते दशमी. भरती सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान येते. हे भांगाचे दिवस असल्याने पाणी उधाणाइतके चढत नाही, पण सूर्यास्ताला काठ भरलेला असतो. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी हेच दिवस सुचवेन.

*पक्षी.* द्वितीया ते पंचमीची सकाळ. या दिवसांत ओहोटी साधारण पावणेआठ ते दहाच्या दरम्यान असते. रोहित, तुतवार, शेकाट्या, शराटी हे सगळे उघड्या चिखलावर चरतात. खाडी पूर्ण रिकामी असताना ते फार लांब पांगलेले असतात आणि साध्या डोळ्यांना गुलाबी रेघेपलीकडे काही दिसत नाही. पाणी परत चढू लागले की चिखलाचा पट्टा आक्रसतो आणि पक्षी काठाकडे सरकतात. म्हणून ओहोटी संपल्यावरचे पहिले दीड-दोन तास सर्वांत चांगले. ज्यांना आदल्या आठवड्यात शेकडो पक्षी दिसले, त्या शेजाऱ्यांचे नशीब जोरावर होते असे काही नाही, त्यांची वेळ जुळली.

*नेरूळ-सीवूड्सच्या बाजूचे पाणथळ तलाव.* इथे गणित उलटे. खाडी भरली की चरायला जागा उरत नाही, मग रोहित खाडी सोडून काठामागच्या उथळ तलावांत येऊन उभे राहतात. तिथे द्वादशी-त्रयोदशीच्या सकाळी नऊ-दहाला जा.

*नुसते चालणे.* चालणाऱ्यांनी तिथीची फिकीर करू नये. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीवर दाट धुरके साचते. हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी, विशेषतः दमा किंवा हृदयविकार असेल तर, ऊन थोडे वर आल्यावर बाहेर पडा. पहाटे पाचचा नेम एखादा दिवस मोडला म्हणून काही बिघडत नाही.

रोहित पक्ष्यांचा हंगाम

साधारण नोव्हेंबरपासून ते ठाणे खाडीत दिसू लागतात आणि मे-जूनपर्यंत बहुतेक निघून जातात. संख्या आणि रंग या दोन्हींसाठी फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. मुलांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे ‘काही पक्षी गुलाबी का नाहीत?’ ती पिल्ले असतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षे जातात.

दोन जाती इथे एकत्र दिसतात. लहान रोहित उंचीला मुलाच्या कमरेएवढा, चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठा रोहित चांगला उंच, अंगाने पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. एक साधी दुर्बीण बरोबर असली तर हा फरक ओळखण्यात मुलांचा अर्धा तास मजेत जातो.

ठिकाण कोणते निवडावे

ऐरोली. पहिल्यांदा जात असाल तर इथूनच सुरुवात करा. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीत खाडीलगत आहे. आत माहिती देणारी दालने आहेत, कांदळवनातून जाणारी उंचावरची पायवाट आहे, आणि हंगामात इथूनच रोहित पाहायला होड्या सुटतात. ठाणे-वाशी लोकलने ऐरोली स्थानकावर उतरून रिक्षा करा. मुलुंडकडून येणाऱ्यांना ऐरोली पूल सोयीचा. केंद्राला प्रवेशशुल्क आहे आणि सोमवारी ते बंद असते. सणासुदीच्या दिवशी निघण्यापूर्वी चौकशी करा.

समोरचे पाणी म्हणजे ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य. २०१५ साली घोषित झालेले, सुमारे १७ चौरस किलोमीटरचे. २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. याचा तुमच्या सहलीशी संबंध एवढाच, की उद्यानाची हद्द संपली की पुढे अभयारण्याचे नियम लागू होतात. तिथे विनापरवाना उतरणे, ड्रोन उडवणे, पक्ष्यांना हुसकावणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

होडीची वेळ रोज बदलते, कारण पुरेसे पाणी असल्याशिवाय होडी हलत नाही. ‘आम्हाला रविवारी दहाचीच वेळ हवी’ असा हट्ट चालत नाही. दोन-तीन तारखा मोकळ्या ठेवा, आधी आरक्षण करा, आणि आरक्षण करतानाच विचारा: वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख? होडीत शौचालय नसते, ते आधीच उरकून घ्या.

वाशी. सेक्टर ८ चे सागर विहार आणि सेक्टर १०-अ चा मिनी सी-शोअर ही संध्याकाळच्या कुटुंबांची ठिकाणे. वाशी स्थानकावरून रिक्षाने काही मिनिटांत पोचता येते. पक्षी पाहणे हा हेतू असेल तर गर्दीत निराशा होईल. मुले, सायकली, भेळ, गप्पा यांसाठी उत्तम. रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळेल ही आशा मात्र सोडून द्या.

नेरूळ. पाम बीच मार्गालगतचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ एका धारण तलावाभोवती आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सिडकोने असे तलाव राखले. भरती असताना पावसाचे पाणी त्यांत थांबते आणि ओहोटीला झडपांतून खाडीत सोडले जाते. म्हणून तलावातले पाणी खाडीसारखे दिवसातून दोनदा नाहीसे होत नाही. तिथी पाहण्याचा कंटाळा असेल, किंवा पाहुणे अचानक आले असतील, तर इथे जा. सपाट वाटेमुळे चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही नेता येते. धोका आहे तो पाम बीच मार्गाचा. तिथे गाड्या सुसाट असतात, त्यामुळे रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून मुलांसह धावत ओलांडण्याचा प्रकार करू नका. सिग्नल गाठा, भले चार पावले जास्त पडोत.

घोडबंदर. ठाण्याच्या त्या टोकाला राहणाऱ्यांना गायमुख चौपाटी जवळची. ती वसई खाडीवर आहे, ठाणे खाडीवर नाही. तिथे रोहितांचे थवे शोधू नका, समोरचे डोंगर आणि पाणी पाहा.

बरोबर काय न्यावे

- पाणी, भरपूर. खाडीकाठी सावली कमी आणि दमट हवेत घाम जास्त.
- टोपी, आणि संध्याकाळसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे. सूर्य टेकला की कांदळवनातले डास तुमची वाटच पाहत असतात. मलम घरूनच लावून निघा.
- पकड असलेले बूट. भरती येऊन गेलेल्या पायऱ्यांवर शेवाळे असते आणि चपला सरकतात.
- खायचे डब्यातून न्या. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, आणि पहिल्या खेपेचा दंड ५,००० रुपये आहे. रिकाम्या वेष्टनांसाठी एक कापडी पिशवी ठेवा आणि ती घरी आणा. उद्यानातली कचरापेटी भरली की वाऱ्याने सगळे खाडीतच जाते.
- मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड. का, ते पुढे येतेच.

चिखल: सर्वांत मोठा धोका

ओहोटीच्या चिखलात निवटे उड्या मारत असतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळाबाहेर येऊन ती हलवत असतात. मुलांना खाली उतरायचा मोह होणारच. वरून वाळलेला दिसणारा हा चिखल मोठ्या माणसालाही गुडघ्यापर्यंत, कुठे कुठे मांडीपर्यंत ओढतो. त्यात शिंपल्यांच्या धारदार कडा, काचा आणि कांदळाची टोकदार श्वसनमुळे असतात. खेकडे काठावरून, कठड्याच्या अलीकडून पाहा. पाच मिनिटे न हलता उभे राहिलात तर ते आपणहून बाहेर येतात.

कोणी अडकलेच तर:

1. धडपड थांबवायला सांगा. जोर लावून एक पाय ओढला की दुसरा आणखी रुततो.
2. मागे रेलून बसायला सांगा, म्हणजे भार पसरतो. मग पाय हळूहळू, पुढेमागे हलवत मोकळा करायचा. बूट गेले तर जाऊ द्या.
3. तुम्ही आत उतरू नका. ओढणी, दोर, फळी, काठी, जे मिळेल ते पुढे करा.
4. भरती चढत असेल तर प्रयोग करत बसू नका. लगेच १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि जवळच्या कोळीवाड्यातल्या माणसाला हाक मारा. तिथला चिखल त्यांच्याइतका कोणाला कळत नाही.

आता त्या वासाबद्दल. ओहोटीला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास बहुतांशी चिखलाचाच असतो. त्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि सडणाऱ्या पानापाचोळ्यातून गंधकयुक्त वायू निघतो. थोडा वेळ चालण्याने अपाय नाही. पण पाणी रंगीत किंवा फेसाळ दिसले, रसायनाचा झणझणीत वास आला, मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते नैसर्गिक नव्हे. तेव्हा तिथून निघा आणि तक्रार करा.

होडीत बसताना

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून जो अपघात झाला, त्यानंतर जीवरक्षक जाकीट हा वादाचा विषय उरू नये. प्रत्येकाला जाकीट मागा, मुलांना त्यांच्या मापाचे मागा, आणि होडी सुटण्याआधी ते बांधलेले आहे ना हे स्वतः पाहा. हातात धरलेले जाकीट काही कामाचे नाही. होडी भरलेली वाटली तर चढू नका. पैसे भरले आहेत म्हणून बसलेच पाहिजे असे नाही.

कोणी खासगी मच्छीमार ‘स्वस्तात फिरवून आणतो’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. मासेमारीच्या होडीला प्रवासी नेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाला तर तुम्ही दोघेही अडचणीत याल.

हे टाळा

- कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणे. फोटो छान येतो, पण तेलकट, खारट पीठ हे त्यांचे अन्न नव्हे. आणि विकत मिळते म्हणजे चालते असे समजू नका.
- टाळ्या वाजवून किंवा दगड मारून थवा उडवणे. भरतीच्या आधी चरून घ्यायला पक्ष्यांना मोजका वेळ मिळतो, आणि प्रत्येक उड्डाणात तो वाया जातो.
- कांदळवनातली पाने तोडून मुलांना खेळायला देणे. काही झाडांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.
- कोल्ह्याच्या जवळ जाणे. या कांदळवनांत सोनेरी कोल्हे आहेत आणि तिन्हीसांजेला काठावर दिसतात. त्यांना खायला घालू नका. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा, रेबीजची लस लागते.
- निर्माल्याची पिशवी ‘येताजाता’ खाडीत सोडणे. निर्माल्य कलशात टाका, प्लास्टिकची पिशवी काढूनच.
- जाळी विणणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या माणसांचे न विचारता फोटो काढणे. जेट्टी हे त्यांचे कामाचे ठिकाण आहे. उतरत्या रस्त्यावर गाडी लावून त्यांची वाट अडवू नका.

कुत्र्याचे विचाराल तर, अभयारण्यात आणि ऐरोलीच्या केंद्रात त्याला घरीच ठेवा. पालिकेच्या उद्यानांत फाटकावरच्या फलकावर लिहिलेले पाळा. परवानगी असली तरी पट्टा सोडू नका, विशेषतः जिथे पक्षी जमिनीवर बसतात त्या बाजूला.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर होड्यांचा आणि रोहितांचा विषय नसतो. हिरवेगार कांदळवन पाहायला मात्र मजा येते. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. ते बहुधा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आणि दुपारच्या सुमारास येतात. त्या दिवशी जोराचा पाऊसही असेल तर काठावरच्या वाटा पाण्याखाली जातात आणि परतीचा रस्ताही तुंबतो. असा दिवस टाळा.

तुमचे हक्क, आणि तक्रार कुठे करावी

वाहनतळाचे किंवा प्रवेशाचे पैसे मागितले तर छापील पावती मागा. दराचा फलक नसेल, पावती नसेल, तर पैसे देण्याचे बंधन नाही. बंद शौचालय, गेलेले दिवे, तुटलेला कठडा यांसाठी पालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा ऑनलाइन तक्रार करा. फोटो, तारीख, नेमकी जागा द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पालिका हलली नाही तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळ आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ‘कठडा दुरुस्तीला किती रक्कम मंजूर झाली आणि काम कोणत्या तारखेला पूर्ण झाले’ असा नेमका प्रश्न विचारा. ‘का केले नाही’ असे विचारले तर उत्तर टोलवले जाते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार नसेल तर तक्रारीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा, अर्जाला वजन येते.

कांदळवन तोडले जाताना किंवा त्यावर राडारोडा टाकला जाताना दिसला तर ते गंभीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार राज्यातल्या कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरतो, आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. जमीन खासगी असली तरी सूट नाही. ट्रक अडवायला स्वतः पुढे जाऊ नका. लांबून फोटो घ्या, गाडीचा क्रमांक टिपा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखमी पक्षी किंवा अडकलेला कोल्हा दिसला तरी हाच क्रमांक. पक्ष्याला पाणी पाजण्याचा प्रयत्न करू नका, चोचीतून ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. माणसे आणि कुत्री लांब ठेवा, जमल्यास वरून सावली धरा, आणि कर्मचारी येईपर्यंत तिथेच थांबा.